नाकाच्या कुळातली धाकटी

पनवेलात दवाखान्यांच्या पाट्या आता एकीवर एक चढल्या आहेत. दात, गुडघे, केसरोपण, आणि त्यांच्या जोडीला हल्ली ‘कॉस्मेटिक गायनॅक’. खालच्या बारीक यादीत एक शब्द असतो, लॅबियाप्लास्टी. बाई वाचते आणि पुढे जाते. विचारणार कुणाला? ‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपलीच.

योनीमुखाच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या पाकळ्या कापून लहान करायच्या, ती ही शस्त्रक्रिया. तिचं कूळ शोधत गेलं तर घाट चढून पुण्याला जावं लागतं. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच नाक केलं, आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीची नवी शाखा फुटली.

आपल्याकडे अब्रू नाकात असते. कावसजीचं नाक खरोखर कापलेलं होतं, त्यामुळे त्या शस्त्रक्रियेला कारण होतं. दोनशे वर्षांनी त्याच कुळात जन्मलेल्या या धाकटीपाशी मात्र पुष्कळदा काहीच कापलेलं, बिघडलेलं नसतं. फक्त लाज असते.

पाकळ्या लहान केल्याच्या तुरळक नोंदी आधीच्याही आहेत. पण १९८४ साली हॉजकिन्सन आणि हेट या दोघांनी केवळ रूपासाठीची शस्त्रक्रिया म्हणून ती वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यांची रीत साधी, जास्तीची कड कापायची आणि शिवायचं. १९९८ मध्ये गॅरी ऑल्टरने मधूनच पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून दोन्ही भाग जोडायची रीत दिली. तिच्यात मूळची कड शाबूत राहते, पण टाके उसवायची भीती असते. मग केस काढायची पद्धत आली, इंटरनेटवरची घासूनपुसून गुळगुळीत केलेली चित्रं आली, आणि बायका स्वतःकडे आरशात पाहून घाबरू लागल्या.

त्यांना २००५ सालचं लंडनमधलं एक मोजमाप कुणी दाखवलं पाहिजे. पन्नास निरोगी बायका तपासल्या, तेव्हा आतल्या पाकळ्यांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. सातपट फरक, आणि सगळ्या ठीकठाक! एक बाजू मोठी, कड काळसर, बाहेर डोकावणारी, हे सगळं त्यातच आलं.

शब्दाची कथा तर उलटीच आहे. लॅटिनमध्ये या सगळ्या भागाला ‘पुडेंडम’ म्हणत. लाज वाटण्याजोगं, असा त्याचा अर्थ. संस्कृतने ‘भग’ म्हटलं. भग म्हणजे भाग्य, ऐश्वर्य. भगवान, सुभगा, सौभाग्य ही त्याच घरची माणसं. त्यावरून पाठ्यपुस्तकात भगोष्ठ आला, आतल्यांना लघुभगोष्ठ. घरात मात्र तो कधीच शिरला नाही. तिथे ‘खालचं’, ‘अंग’, ‘नाजूक जागा’. हळदीकुंकवाला सौभाग्य मोठ्याने म्हणायचं, आणि त्याचं मूळ डॉक्टरपुढेही बोटाने दाखवायचं.

त्रास खरा असू शकतो. चालताना घासणं, कपड्यात अडकणं, संबंधाच्या वेळी ओढलं जाणं. अशा बाईला शस्त्रक्रियेने आराम पडतो. अठराच्या आत मात्र नको. वयात येताना हे अवयव अजून घडत असतात. आणि दिसण्यासाठी केलं तर आरोग्यविमा सहसा पैसे देत नाही.

काम तास-दोन तासांचं, बहुधा त्याच दिवशी घरी. खरी परीक्षा घरी असते. पहिले काही दिवस सूज इतकी येते की आधीच बरं होतं असं वाटावं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवायचा. लघवी झोंबते, तेव्हा वरून कोमट पाणी ओतायचं, आणि पुसायचं नाही, टिपायचं. सुती, सैल कपडे. टाके दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरघळतात. सुमारे सहा आठवडे संबंध, सायकल, टॅम्पॉन बंद. बैठी नोकरी असेल तर आठवड्याभरात जाता येईलही, पण हार्बर लाइनने सीएसएमटीपर्यंत सव्वा तास बसायचं आहे हे रजा टाकतानाच धरावं. अंतिम आकार कळायला सहा महिनेही लागतात. ताप, दुर्गंधी, वाढतं रक्त किंवा एकाच बाजूला भराभर फुगणारी सूज आली तर सकाळची वाट पाहायची नाही.

जास्त कापलं गेलं तर ते परत लावता येत नाही. व्रण दुखत राहतो, संवेदना कमी होते, असंही घडतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बजावलं होतं की या रूपासाठीच्या शस्त्रक्रियांच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही.

आणखी एक. फॉर्मवर ‘धूम्रपान?’ असा रकाना असतो आणि आपली बाई ‘नाही’ लिहिते. ते खरंच असतं. पण सकाळी दातांना लावलेल्या मशेरीचं कुणी विचारलेलं नसतं. तंबाखू तोच, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि टाके भरायला उशीर लागतो. मशेरीची डबी काही आठवडे आधीच बंद करावी, आणि विचारलं नाही तरी डॉक्टरला सांगावं.