नोंद आढळत नाही

सरकारी नोकरीत लागून मला दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. साल २००६. पेडण्याकडचे एक वयस्कर गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. डोक्यावर काळी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. १९५५ साली पोर्तुगीज पोलिसांनी आपल्याला पकडून नेलं होतं, त्याचा दाखला हवा, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. मी कपाटातल्या अटक झालेल्यांच्या जुन्या याद्या काढल्या, अर्धा दिवस पानं उलटली आणि ठरलेल्या मसुद्यात टाईप केलं, 'सदर व्यक्तीच्या नावाची नोंद या कार्यालयात आढळत नाही.'

कागद हातात घेऊन त्यांनी तो दोनदा वाचला. मग मला विचारलं, "म्हणजे हांव फट सांगतां?"

मी म्हटलं, "काका, तसं नाही. नोंद नाही एवढंच." पेन्शनच्या नियमांबद्दलही काहीतरी सांगू लागलो. त्यांनी मला थांबवलं. "माका पेन्शन नको रे बाबा. नाव खंय तरी आसूंदी."

मुक्तिलढ्यातल्या अटकेचा पुरावा पणजीत कुठे शोधायचा, हे मी त्यानंतर हळूहळू शिकलो. तेव्हा मला यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बी. ए. मराठी घेऊन झालेलं, पोर्तुगीज शून्य.

पहिला धडा मला एका निवृत्त सहकाऱ्यांनी दिला. ते पोर्तुगीज अमदानीत इश्क्रिव्हांवच्या हाताखाली काम शिकलेले. मी याद्या कशा पाहिल्या ते त्यांना सांगितलं, तर ते हसलेच. पोर्तुगीज कारकून सूची आडनावाने लावत नसे, पाळण्यातल्या नावाने लावत असे. मी आडनावाने शोधलं होतं. आणि ती नावं पोर्तुगीज कानाने ऐकून लिहिलेली. त्या लिपीत आपला 'श' लिहायला 'एक्स' वापरतात. म्हणजे शांताराम, शंकर, शंभा ही सगळी मंडळी 'एस'खाली नव्हे, पार शेवटी 'एक्स'खाली बसलेली. 'के' हे अक्षर त्यांच्या नेहमीच्या वापरात नाही, त्यामुळे काशिनाथ 'सी'त जातो, केशव 'क्यू'त. जयवंत 'झेड'मध्ये सापडतो. कामताचा 'कामोतीं' होतो, प्रभूचा 'पोरोब', शेणव्याचा 'सिनाय'. एकाच माणसाचं नाव अटकेच्या कागदावर एक आणि निकालपत्रात दुसरंच, असंही होतं. ओळख पटवायला बापाचं नाव आणि गाव हाच काय तो आधार.

पेडण्याच्या त्या काकांचं नाव 'श'वरून सुरू होत होतं.

हे समजलं तोवर दोन वर्षं उलटली होती आणि काका वारले होते.

आता शोधायचं म्हणजे काय शोधायचं, तेही सांगतो. आमच्या लोकांच्या मनात 'जेल' म्हणजे आग्वाद. खरं तर आग्वाद हा शेवटचा मुक्काम. पकडलेला माणूस आधी जवळच्या चौकीत, तिथून बहुधा पणजीच्या क्वार्तेलमध्ये. आझाद मैदानासमोर आज जिथे पोलीस मुख्यालय आहे, तीच ती जुनी लष्करी बराक. पलीकडच्या अंगाला मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे. तिथे व्याख्यानाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की त्याच वास्तूच्या दुसऱ्या टोकाला कोठड्यांमध्ये माणसं बडवली जात होती? त्या काळचं सर्वांत धास्तीचं नाव कासिमिरो मोंतेरो. पुढे १९६५ साली पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल हुंबेर्तो देलगादो यांचा खून झाला, त्यात हाच माणूस होता.

क्वार्तेलमधून काहींना मारून सोडून देत. ज्यांच्यावर खटला भरायचा त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करीत. या 'त्रिबुनाल मिलितार'पुढे उभे राहिलेले पहिले नागरिक म्हणजे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा. १९४६ च्या जुलैत त्यांना अटक झाली, आग्वादच्या अंधारकोठडीत ठेवलं, आठ वर्षांची सजा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे हेही पेनिशला गेले.

खटला झाला की कागद तयार होतो. आरोप, साक्षी, निकाल, सजा. पण निकालावरून माणूस किती दिवस आत होता ते कळत नाही. नानासाहेब गोऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली, मधू लिमयांना बारा. दोघेही १९५७ साली सुटले. मोहन रानड्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा. १९५५ साली बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पोर्तुगालच्या काशियश तुरुंगातून सुटले ते १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाल्यावर. म्हणून निकालाचा कागद वेगळा आणि तुरुंगाच्या दारात आत-बाहेर केल्याची नोंद वेगळी. पेन्शनला ही दुसरी नोंद लागते. केंद्राच्या योजनेत साधारण सहा महिने तुरुंगवास हवा, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तीन महिने. दफ्तर सापडत नसेल तर 'नोंदी उपलब्ध नाहीत' असा सरकारी दाखला आणि सोबत तुरुंगात बरोबर असलेल्या कैद्याचं प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात स्पष्टच म्हटलं, की अशा अर्जाला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा मागू नये. टेबलावर मात्र कागद लागतोच. मी स्वतः मागितला आहे.

गंमत पाहा. ज्या राजवटीने माणसाला पकडलं, तिच्याच कारकुनाने ते लिहिलं असेल तरच तो स्वातंत्र्यसैनिक. आणि तो कारकून बहुतेक वेळा आपलाच गोंयकार, माझ्यासारखा, महिन्याच्या पगारावर नजर ठेवून असलेला.

पणजीत शोध घ्यायचा तर मुख्य ठिकाण पुराभिलेख खातं. १५९५ साली दियोगो द कोउतो यांच्या हाती सोपवलेलं हे दफ्तर, आपल्याकडच्या सर्वांत जुन्या सरकारी दफ्तरांपैकी एक. पण तिथे जाण्याआधी गॅझेटियर खात्याने काढलेले गोवा, दमण आणि दीवच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या परिचयकोशाचे दोन खंड पाहावेत. संपादक डॉ. प्र. पां. शिरोडकर. पहिला १९८६ चा, दुसरा १९९० चा. पुष्कळ घरांचा शोध तिथेच संपतो, आणि नाव पहिल्यांदाच छापील पाहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि तिसरं ठिकाण लिस्बन! सालाझारच्या राजकीय पोलिसांचं, 'पीद'चं, दफ्तर तिथल्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि १९९४ पासून लोकांना खुलं आहे. कैद्यांच्या नोंदवह्यांमध्ये फोटो, आईबापाचं नाव, जन्मगाव, कोणत्या दिवशी कुठून कुठे हलवलं, कधी सोडलं, सगळं ओळीने. त्या वह्यांची पानं आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. पेनिशच्या किल्ल्यात तर २०२४ साली पूर्ण संग्रहालय उघडलं आणि तिथल्या भिंतीवर अडीच हजारांच्या आसपास कैद्यांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे ज्याला सातासमुद्रापलीकडे नेलं त्याचा माग लावणं त्यातल्या त्यात सोपं. पेडण्याच्या चौकीत डांबलेल्याचा कठीण.

कारण चौकीत लिहायचंच कशाला? १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांना धरलं आणि एक-दोन दिवसांत सोडून दिलं. खटला नाही, सजा नाही. ते लोहिया होते म्हणून ती अटक पोरांच्या पुस्तकात आली. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही हद्दीत घुसले, गोळीबारात वीसहून अधिक माणसं पडली, आणि बाकीच्यांना? काठ्या घालून पुन्हा हद्दीपलीकडे ढकललं. त्यांच्यासाठी कुणी वही उघडली नाही. त्यांना आसरा दिला, पत्रकं पोचवली, म्हणून गावोगावी जे उचलले गेले, त्यांचंही बहुतेक तेच.

आज कायदा वेगळा आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा पंचनामा लिहावा लागतो, नातेवाईकाला कळवावं लागतं. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात लावण्याची तरतूद आहे. नुसत्या संशयावरून धरलेल्याचं नाव फलकावर झळकावं का, हा वाद मला मान्य आहे. पण पेडण्याच्या काकूंना, नवरा कुठल्या चौकीत आहे हे कळायला सतरा दिवस लागले होते, हेही मी विसरू शकत नाही.

हो, सतरा दिवस. हा आकडा मला त्यांच्या मुलाकडून कळला. 'एक्स'ची गोष्ट समजल्यावर मी एक दिवस रजा टाकून त्या याद्या पुन्हा पाहिल्या. या खेपेस पाळण्यातल्या नावाने, शेवटच्या पानांवर. काकांच्या नावाचे तिघे सापडले. एकाच्या बापाचं नाव वेगळं, दुसरा फोंड्याचा, तिसरा काणकोणचा. आपले काका नव्हते.

मला हायसं वाटलं. म्हणजे माझ्या हातून चुकीचा दाखला गेला नव्हता. आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली.

मग पेडण्याला त्यांच्या घरी गेलो. मुलाने सांगितलं, बाबांना पणजीला नेलंच नव्हतं. पेडण्याच्या चौकीतच ठेवलं, रोज मारलं, अठराव्या दिवशी सकाळी घरी पाठवलं. डावा कान तेव्हापासून गेला. मला आठवलं, माझ्या टेबलासमोर ते मान वाकडी करून, उजवा कान पुढे करून बसले होते. मुलाने माझा कागद अजून जपून ठेवला आहे, परिचयपत्रं आणि रेशनकार्डाच्या फायलीत. त्यावर माझी आद्याक्षरं आहेत.

त्यानंतर अशा एका अर्जावर मी मसुदा जरा बदलून लिहिला. कोणत्या याद्या पाहिल्या, नाव कोणकोणत्या अक्षरांखाली शोधलं, आणि चौकीत ठेवून सोडलेल्यांची नावं या याद्यांत येत नाहीत, असं तीन ओळींत. फाईल वरून परत आली तेव्हा त्या तीन ओळींवर लाल शाईची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे'.