जठरव्रणावरील समुद्रशैवाल-द्रव्ये

जठराच्या अस्तरावरील व्रण टाळण्यासाठी किंवा भरून काढण्यासाठी समुद्रशैवालांतील द्रव्ये कितपत उपयोगी पडतात, हे तपासणारे औषधशास्त्रीय संशोधन. जठरव्रण मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांमुळे होतो. पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला (नोबेल पारितोषिक, २००५). प्रतिजैविकांना दाद न देणारे त्याचे वाण वाढत असल्याने वेगळ्या मार्गांचा शोध चालू आहे.

सर्वाधिक लक्ष वेधले आहे ते फ्युकॉयडानने. तपकिरी शैवालांतील ही सल्फेटयुक्त बहुशर्करा स्वीडनमधील हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये वेगळी केली. हा जंतू जठराच्या अस्तरावरील फ्युकोजयुक्त शर्करांना चिकटतो. ओकिनावातील मोझुकू शैवालाच्या फ्युकॉयडानने ही चिकटण्याची क्रिया रोखली जाते, असे जपानी प्रयोगांत आढळले. जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांत संसर्गही घटला. जंतूला न मारता नुसते चिकटू न देणे, हे या कल्पनेचे खरे आकर्षण आहे.

प्राथमिक चाचणी सहसा उंदरांवर होते. उपाशी उंदराला आधी शैवालद्रव्य आणि मग व्रण घडवण्यासाठी अल्कोहोल किंवा इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक देतात. नंतर जठर उघडून व्रणांची लांबी वा क्षेत्रफळ मोजतात आणि ओमेप्राझोल हे आम्ल घटवणारे औषध दिलेल्या गटाशी तुलना करतात. अल्कोहोल अस्तर थेट जाळते, इंडोमेथॅसिन संरक्षक प्रोस्टाग्लँडिने घटवते, तर आणखी एका पद्धतीत जठराचे निर्गमद्वार बांधल्यास आम्ल साचते. त्यामुळे एका पद्धतीतील यश दुसरीत टिकेलच असे नाही. शिवाय द्रव्य आधी दिल्याने प्रतिबंध सिद्ध होतो, व्रण भरणे नव्हे. त्यासाठी ॲसेटिक आम्लाने व्रण करून पुढे अनेक दिवस द्रव्य द्यावे लागते. अशा प्रयोगांना अधिक वजन द्यायला हवे.

तांबड्या शैवालांतील कॅरागीननचा इतिहास सावध करणारा आहे. त्याचे विघटित रूप फ्रान्समध्ये जठरव्रणावर दिले जात असे. १९६९ मध्ये त्यानेच गिनीपिगांच्या मोठ्या आतड्यात व्रण होतात असे दिसून आले. रेणूंचा आकार बदलला की गुणही पालटतो. फ्युकॉयडानची घडणही शैवालाची जात, ऋतू व काढण्याची रीत यांनुसार बदलते, म्हणून प्रमाणित नमुन्याशिवाय निष्कर्षांची तुलना फोल ठरते. तपकिरी शैवालांतील आयोडीन व आर्सेनिक यांचीही तपासणी आवश्यक असते.

अल्जिनेट हे शैवालद्रव्य औषधात रुळले आहे, पण ते आम्ल वर येण्याच्या तक्रारीवर. जठरव्रणावर मात्र कोणतेही शैवालद्रव्य प्रस्थापित उपचारांची जागा घेऊ शकलेले नाही.