पीएफसेन्स

फ्रीबीएसडी कार्यप्रणालीवर बेतलेली मुक्त स्रोत फायरवॉल आणि राउटर प्रणाली. मॅन्युएल कॅस्पर यांच्या ‘मोनोवॉल’ प्रकल्पातून ती २००४ मध्ये फुटून निघाली, १.० ही आवृत्ती २००६ मध्ये आली. दोन नेटवर्क कार्डे असलेला जुना संगणकही तिला पुरतो : एक कार्ड इंटरनेटकडे (वॅन), दुसरे आतल्या जाळ्याकडे (लॅन). लॅनचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो. इंटरनेट कंपनीचा मोडेमही याच मालिकेतले पत्ते वाटत असेल, तर आत-बाहेर हा भेदच उरत नाही आणि जोडणी अडते. अशा वेळी लॅनची मालिका बदलावी. सर्वांना ठाऊक असलेला मूळ पासवर्ड तर पहिल्याच बैठकीत बदलायला हवा.

बाहेरून आपणहून येणारी वाहतूक मुळात बंद, आतून जाणारी खुली. नियम वरून खाली तपासले जातात आणि जुळणारा पहिलाच लागू होतो. त्यामुळे वर सैल परवानगी असली की खालची मनाई नावापुरती राहते. नवख्यांना चकवणारी गोष्ट वेगळीच : मनाई नव्याने घातली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी तुटत नाही, कारण तिची नोंद ‘स्टेट’ तक्त्यात असते. ती नोंद हाताने पुसावी लागते.

सगळी मांडणी कॉन्फिग डॉट एक्सएमएल या एकाच फाइलमध्ये मावते. अद्ययावतीकरणापूर्वी तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी. तीत पासवर्ड आणि किल्ल्या असल्याने ती ईमेलने फिरवू नये. ‘ओपीएनसेन्स’ ही २०१५ मध्ये निघालेली पीएफसेन्सची शाखा.