जपानी गीतांतील पांच सूर आणि श्वास

जपानांतील अलीकडचीं लोकप्रिय गीतें आम्हीं प्रथम ऐकलीं तीं एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून, आणि मनांत थोडी अढी धरूनच. अमेरिकन गाण्यांची पूर्वेकडील नक्कल यापलीकडे त्यांत कांहीं नसावें, असा आमचा समज होता. परंतु योनेझु केन्शी यांनीं २०१८ सालीं मुलांकरितां रचलेलें ‘पापुरिका’ हें गीत पेटीवर काढूं लागलों, तों धृपद वाजवितांना मध्यम व निषाद यांच्या पट्ट्यांना बोट लावण्याचा प्रसंग जवळजवळ येईना. सा, रे, ग, प, ध. हे तर आपल्या भूपाचे सूर! अर्थात् तेवढ्यानें कांहीं भूप होत नाहीं, हें गाणाऱ्यांस सांगावयास नको.

या सुरावटीस जपानी लोक ‘योनानुकी’ म्हणतात. म्हणजे चौथा व सातवा सूर गाळलेली. पुष्कळ जण तिला जपानचें पुरातन धन समजतात. आमच्या मतें हें अर्धेंच खरें आहे. मेजी राजवटींत शाळांतून गायन शिकविण्याचें ठरलें, तेव्हां तें काम इसावा शूजी यांजकडे आलें, आणि १८८० सालीं त्यांच्या मदतीस बोस्टनहून ल्यूथर व्हाइटिंग मेसन आले. पाश्चात्य सप्तक मुलांस अपरिचित, आणि बाजारांतील देशी गाणीं सुधारकांस शाळेच्या योग्यतेचीं वाटत नव्हतीं. तेव्हां ज्या स्कॉटिश चालींत हे दोन सूर मुळांतच नव्हते, अशांपैकीं कांहीं उचलून त्यांवर जपानी शब्द बसविण्यांत आले. ‘होतारु नो हिकारी’ हें गीत त्यांतलेंच. तें जपानांत इतकें मुरलें आहे कीं त्याच्या चालीस परकी म्हणतांना जीभ अडखळते.

टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरील नाटकाकरितां नाकायामा शिम्पेई यांनीं १९१४ सालीं चाल दिलेलें आणि मात्सुई सुमाको यांनीं गायिलेलें ‘काच्यूशाचें गीत’ याच घडणीचें. १९६३ सालीं अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलेलें साकामोतो क्यू यांचें ‘उए ओ मुइते आरुको’ हेंही बहुतांशीं याच पांचांवर उभें आहे. (पाश्चात्य व्यापाऱ्यांनीं त्याला ‘सुकियाकी’ या मांसान्नाचें नांव दिलें, ही त्यांची रसिकता!)

तेव्हां सुरांविषयीं आम्हांस चिंता नाहीं. चिंता वाटते ती श्वासाची. साकामोतो यांच्या गीतांत शब्द थांबतात आणि नुसती शीळ वाजते. दुःखाला तेवढी जागा ठेविलेली आहे. २००७ सालीं ‘हात्सुने मिकु’ हा संगणकांतील कृत्रिम आवाज निघाला, आणि तरुण रचनाकार घरबसल्या त्याजकडून वाटेल तें गाऊन घेऊं लागले. यंत्रास फुप्फुसें नाहींत. मग चालींत विसावा ठेवावा कोणासाठीं? योनेझु आणि ‘योआसोबी’चे आयासे हे दोघेही याच आखाड्यांत तयार झाले. पुढें यंत्रासाठीं बेतलेल्या चाली माणसें गाऊं लागलीं. आयासे यांचें ‘योरु नि काकेरु’ (२०१९) हें गीत इकुरा ज्या सफाईनें गातात, ती थक्क करणारी आहे. परंतु मृत्यूच्या मोहाची ती कथा ऐकतांना आम्हांस गायिकेच्या दमाचें कौतुक वाटत राहिलें, आणि कथा निसटून गेली. हा दोष आमच्या वयाचा, असें आमचा विद्यार्थी म्हणतो. असेलही.

२०२० सालच्या महामारींत इकुरा यांनीं हेंच गीत घरून, साध्या साथीवर गायिलें. त्यांत दोन ओळींमधला त्यांचा श्वास ऐकूं येतो. आम्ही आतां तेंच ऐकतों.