फादर रासीन, पाटोदी आणि निर्देशांकाचा सिद्धांत

संत्र्याची साल कितीही जपून काढली तरी ती पाटावर सपाट बसत नाही, हे आम्हां नागपूरकरांना सांगावयास नको. हिवाळ्यात रामदासपेठेतील कोणत्याही घरी हा प्रयोग करून पाहावा. संत्रे चेपले तर एके ठिकाणची वक्रता घटते, दुसरीकडे वाढते; एकूण बेरीज तीच राहते. ही बेरीज संपूर्ण आकाराविषयी एक पूर्णांक सांगून जाते, हे गाउस व बॉने यांचे जुने गणित. त्याचाच फार दूरवरचा विस्तार म्हणजे १९६३ साली मायकेल अतिया व इसाडोर सिंगर यांनी मांडलेला निर्देशांकाचा सिद्धांत. विशिष्ट जातीच्या समीकरणाची स्वतंत्र उत्तरे मोजावी, त्यांतून त्याच्या जोडसमीकरणाची उत्तरे वजा करावी; उरतो तो निर्देशांक.

या इतिहासात मुंबईचे एक नाव आहे आणि त्यामागे एक येशूसंघीय धर्मगुरू उभे आहेत. फ्रान्सचे फादर शार्ल रासीन हे एली कार्तां यांचे विद्यार्थी. मद्रासच्या लोयोला महाविद्यालयात त्यांनी रुळलेल्या अभ्यासक्रमापलीकडचे नवे फ्रेंच गणित मुलांपुढे ठेवले आणि हुशार मुलांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वाट दाखविली. एम. एस. नरसिंहन १९५३ साली मुंबईस आले ते याच वाटेने.

नरसिंहन व एस. रामनन यांच्या हाताखाली तयार झाले विजयकुमार पाटोदी. जन्म १९४५, मध्य प्रदेशातील गुना येथे. शिक्षण उज्जैन व बनारसला. १९६७ साली ते संस्थेत दाखल झाले. त्याच वर्षी मकीन व सिंगर यांनी एक कोडे मांडले होते. तापलेल्या तव्यावरील उष्णता पहिल्या क्षणी केवळ आसपासचे जाणते; पुष्कळ वेळाने ती साऱ्या तव्याचे होऊन बोलते. उष्णतेच्या समीकरणातून निर्देशांक काढला तर तो दोन्ही वेळी सारखाच यावयास हवा. परंतु पहिल्या क्षणीच्या हिशेबात प्रचंड पदे उसळतात. ती परस्परांना खोडून काढतील, अशी केवळ आशा होती. पाटोदींनी ती खोडाखोड प्रत्यक्ष करून दाखविली, आणि तीही पंचविशीच्या आसपास! हे काम १९७१ साली प्रसिद्ध झाले.

पुढे प्रिन्स्टन येथील वास्तव्यात अतिया व सिंगर यांच्याशी त्यांचे सहकार्य जुळले. संत्र्याला काठ नसतो, वाटीला असतो. अशा काठ असलेल्या अवकाशासाठी निर्देशांकात कोणती दुरुस्ती करावी, हे या तिघांनी १९७५-७६ मधील लेखांत सांगितले. मूत्रपिंडाच्या विकाराने पाटोदींचे निधन झाले ते २१ डिसेंबर १९७६ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

फुटाण्यांच्या पुडीला टोक असते. तेथे वक्रता मोजावी कशी, हा प्रश्न त्यानंतरचा. अशा टोकदार अवकाशांवर जेफ चीगर यांनी काम केले, तेव्हा टोकापाशी जी दुरुस्ती पुढे आली तिच्यात पाटोदी, अतिया व सिंगर यांचीच ती राशी निघाली.