तीन चोरांतले दोन

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून लांब. पाणी बघायचं तर विहिरीत, नाहीतर पावसाळ्यात ओढ्याला. अशा गावातून माझे काका मुंबईच्या 'राजेंद्र' या प्रशिक्षण नौकेवर दाखल झाले. १९७२ साली जुनी 'डफरिन' निवृत्त झाली आणि तिच्या जागी ही आली होती. पुढं काका मालवाहू जहाजावर सेकंड मेट झाले. जहाज या घडीला नेमकं कुठं आहे, हे नकाशावर मांडायचं काम त्यांच्याकडं. सुट्टीवर आले की रात्री अंगणात बाज टाकून ते आणि आबा आभाळावरून हुज्जत घालत. चांदण्या दोघांच्या त्याच होत्या, भांडण त्यांच्या उपयोगाचं होतं.

आबांना चांदण्यांकडून फक्त वेळ हवी असे. ज्वारी हुरड्यात आली की डुकरं येत, म्हणून जागलीला जावं लागे. माळ्यावर घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला किती रात्र उलटली ते सांगायला मृगातलं तिकांडं असे, एका ओळीतल्या तीन चांदण्या. मार्गशीर्षात ते माथ्यावर आलं की मध्यरात्र. माघात मात्र तेच तिकांडं दिवस मावळून दोन-अडीच तास होतात न होतात तोच माथ्यावर येतं. प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, त्याचा महिन्याचा हिशेब दोन तास. आबांना मिनिटं ठाऊक नव्हती, ते "महिन्यामागं पाच घटका" म्हणत. हिशेब तोच.

फाल्गुनात हळद शिजवायची रात्र आली की तिकांड्याचा उपयोग संपे, ते लवकर मावळे. मग सप्तर्षी. आमच्याकडं ते म्हातारीचं बाजलं. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार खूर, मागच्या तीन म्हणजे चोर. चोरांना बाज पळवायची आहे, पण म्हातारी जागी आहे, म्हणून ते रात्रभर ध्रुवाभोवती नुसते फिरतात, अशी आजीची गोष्ट. शिजलेली हळद कढईतून उपसली, वाफेनं डोळे चुरचुरले, की घरातला एकजण आडवा व्हायचा. बाजलं केवढं फिरलं की त्याला उठवायचं, हे आधीच ठरलेलं असे. मधल्या चोराला चिकटून एक बारीक चांदणी आहे, ती अरुंधती. नव्या नवरा-नवरीला ती दाखवायचा मानही आजीचाच. पुराणातला वसिष्ठ आमच्या अंगणात चोर झाला होता आणि याचं कुणाला काही वाटत नसे.

काकांचं काम ऐकून आबांना हसू येई. जहाजावर क्रोनोमीटर, म्हणजे सेकंदाला चोख घड्याळ. "घड्याळ हाय तर चांदण्या कामून बघता?" हा त्यांचा प्रश्न. मला तो अजूनही सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो. जागलीवरच्या माणसाला आपण कुठल्या वावरात बसलोय हे पक्कं माहीत असतं, वेळ माहीत नसते. भर समुद्रात वेळ माहीत असते, जागा नसते. आभाळ, जागा आणि वेळ या तिघांतल्या दोन गोष्टी हातात असल्या की तिसरी निघते. आबा एका टोकानं गणित सोडवत, काका दुसऱ्या. म्हणूनच जहाजावरचं घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर जागा एक सागरी मैल चुकते.

शिवाय काकांना गडद रात्र चालत नसे. सेक्स्टंटच्या आरशातून तारा खाली आणून क्षितिजाच्या रेघेला टेकवायचा असतो, तेव्हा ताराही हवा आणि रेघही. दोन्ही एकदम दिसतात ते फक्त संधिप्रकाशात. आपल्याकडच्या समुद्रात तो पटकन सरतो. तेवढ्यात चार-पाच तारे टिपायचे, प्रत्येकाची वेळ सेकंदासकट लिहायची आणि मग पंचांग व कोष्टकं घेऊन बसायचं. जहाजी पंचांगातले निवडक तारे सत्तावन्न. त्यात रोहिणी, व्याध, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, अभिजित, श्रवण, अगस्त्य ही सगळी आपली मंडळी आहेत, फक्त नावं परकी.

ध्रुवाचं गणित त्या मानानं सोपं. तो क्षितिजापासून जितका वर, तितका तुमचा अक्षांश. पुसेगावात सुमारे वीस अंश, म्हणजे हात ताणून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी. अरबी समुद्रात ध्रुव या उंचीवर धरून सरळ पूर्वेला आलं तर जहाज पालघर-डहाणूच्या किनाऱ्याला लागेल. जुने दर्यावर्दी हेच करत. लाकडाची फळी, तिला गाठी मारलेला दोरा, दोरा दातात धरायचा. फळीची खालची कड क्षितिजाला, वरची ध्रुवाला, की बंदराची गाठ कळली. याला कमाल म्हणतात. १४९८ मध्ये वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला आणणारा वाटाड्या याच विद्येतला होता. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून साडेतीन अंश दूर होता, आज पाऊण अंशाच्या आत आला आहे. अढळपद म्हणतात ते इतपतच.

उपग्रह आल्यावर हे सगळं परीक्षेपुरतं उरलं असं काका म्हणत. पण गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली 'तुरिया' घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, तेव्हा नियमच होता: जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. त्या खेपेला दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. २०२२-२३ मध्ये दुसऱ्या नौकेवर त्यांनी तीच शर्यत पुरी केली, दुसरा क्रमांक घेऊन.

एकदा काकांनी ती सत्तावन्न ताऱ्यांची यादी आजीला वाचून दाखवली. म्हातारीच्या बाजेचा एकच खूर त्यात आहे. चोरांतला पहिला आहे, तिसरा आहे, मधला नाही.

"मधला कामून सोडला?" आजीनं विचारलं.

"माय, बाकीच्या दोघांवर भागतं."

"तसं नसंल," आजी म्हणाली. "त्यो बायको संगं घेऊन फिरतोय. त्याचं ध्यान कामात कुठं असतंय?"