आगाऊ वर्गणीचा ज्ञानकोश

मीरा रोडला लोकल पकडावी, उभ्या उभ्या फोनवर एखादा शब्द शोधावा आणि केतकरांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चं पान उघडावं. एक पैसा लागत नाही. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हे खंड इंटरनेटवर आणले आहेत. पण मुळात ते तयार झाले कोणाच्या पैशावर?

कॉपीराइट मोडीत काढा, लोक आपणहून क्राउडफंडिंग करतील, असं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत बऱ्याचदा ऐकू येतं. मलाही ते पटायचं. ज्ञानकोशाचा इतिहास वाचल्यावर मात्र तितकंसं पटेना.

श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. मराठीत ज्ञानकोश करायचा, तर कित्येक वर्षं माणसांचे पगार, कागद, छपाई यांची सोय हवी. इथे कॉपीराइटचा उपयोग नव्हता. तो तयार पुस्तकाची नक्कल थांबवतो. अजून लिहायच्या पुस्तकाचा पगार भागवत नाही. म्हणून 1916 मध्ये नागपुरात 'ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' निघालं. शेअर विकले, वर्गणीदार जमवले. त्यासाठी स्वतः केतकरांना हिंडावं लागलं.

हे दान नव्हतं. वर्गणीदाराला खंड हवे होते, भागधारकाला कंपनी चालायला हवी होती. त्यांनी एका वचनावर पैसे लावले होते. त्यातही गंमत अशी, की पहिले पाच खंड निव्वळ प्रस्तावनेचे! 'अ'पासूनच्या नोंदी सहाव्या खंडात सुरू झाल्या. आज एखाद्या प्रोजेक्टने असं केलं, तर लोक परतावा मागतील. तरीही एकूण 23 खंड पूर्ण झाले.

निव्वळ खुशीचा पैसाही आपल्याकडे होताच. तमाशात रसिक लावणीवर खूश होऊन दौलतजादा करत. पण तो पैसा समोर नाचणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी आणि त्या रात्रीपुरता. शेकडो लावण्या रचणारे पठ्ठे बापूराव 1945 मध्ये पुण्यात हलाखीत वारले. लावण्या मात्र गायल्या जातच राहिल्या.

आणि केतकर? त्यांचीही अखेरची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. 1937 मध्ये ते वारले. ज्ञानकोशाला पैसा मिळाला, ज्ञानकोशकाराला पुरला नाही.

म्हणून मला वाटतं, वर्गणी कॉपीराइटची जागा घेणार नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. वर्गणी काम उभं करते. कॉपीराइट ते झाल्यावर चार पैसे मिळण्याची शक्यता राखतो, हमी देत नाही. मराठीसारख्या भाषेत मोठं काम सुरू होणं हीच पहिली अडचण, त्यामुळे वर्गणी हवीच. फक्त ती मागताना हिशेबात कागद आणि छपाईबरोबर लिहिणाऱ्याचा पगार आणि दारोदार हिंडण्याचे दिवसही धरावेत. केतकरांच्या वर्गणीदारांनी आपल्यासाठी आगाऊ पैसे भरले होते. पुढच्या वाचकांसाठी भरायची पाळी आता आपली आहे.